कर्कश म्हणजे मोठा नव्हे

ढगांचा गडगडाट कर्कश नसतो. खिडकीची तावदानं हादरावीत इतका तो मोठा असेल, लहान मूल दचकून बिलगेल, पण 'कर्कश गडगडाट' असं कुणी लिहिलं तर मराठी वाचकाला ते लगेच खटकेल. उलट तेल न मिळालेल्या बिजागरीची करकर शेजारच्या खोलीत धड ऐकूही जात नाही, आणि तरी ती कर्कश असते. काचेवरून सुरीचं टोक ओढलं किंवा फळ्यावर खडू उभा धरून घासला, तर आवाज केवढासा होतो? पण अंगावर शहारा येतो, दात शिवशिवतात, खांदे आपोआप वर जातात.

म्हणजे आवाज किती मोठा, हे हा शब्द सांगतच नाही. तरी बोलताना-लिहिताना तो सर्रास 'फार मोठा' या अर्थी वापरला जातो. कर्कश ढोल, कर्कश फटाके, कर्कश गर्दी. ढोल दणदणतो, फटाका कानठळ्या बसवतो, गर्दीचा कोलाहल होतो. या सगळ्यांसाठी मराठीत नेमके शब्द आहेत आणि कर्कश त्यांतल्या कुणाचाही बदली शब्द नाही. त्याचं काम वेगळं आहे, आणि ते काम इतकं नेमकं आहे की ध्वनिशास्त्रालाही त्यासाठी स्वतंत्र मोजमाप तयार करावं लागलं. ते समजून घ्यायला आधी कान सोडून बोटांकडे यावं लागतं.

शब्द मुळात त्वचेचा

संस्कृतात कर्कश हा स्पर्शाचा शब्द. कालिदासाच्या 'कुमारसंभवा'त पहिल्याच सर्गात पार्वतीच्या रूपाचं वर्णन करताना कवी उपमा शोधतो. तिच्या मांड्यांना हत्तीच्या सोंडेची उपमा चालत नाही, कारण सोंडेच्या कातडीत 'कर्कशत्व' आहे. केळीच्या खांबाचीही चालत नाही, कारण तो कायम थंडगार. इथे सोंडेच्या आवाजाचा काही संबंध नाही. तिच्यावरून हात फिरवला तर कसं लागेल, एवढाच प्रश्न आहे, आणि उत्तर आहे: खरबरीत.

अमरकोशात कर्कश या शब्दाचे अर्थ दिले आहेत ते साहसिक, कठोर आणि अमसृण. मसृण म्हणजे गुळगुळीत. अमसृण म्हणजे जे तसं नाही ते. साहसिक हा शब्द तिथे आजच्या कौतुकाच्या अर्थानं आलेला नाही. पुढचा-मागचा विचार न करता अंगावर धावून जाणारा, असा त्याचा जुना अर्थ. सुश्रुतसंहितेत द्रव्यांचे गुण सांगितले आहेत, तिथेही कर्कश येतो तो श्लक्ष्ण, म्हणजे गुळगुळीत, या गुणाच्या समोर. आवाज या सगळ्यात कुठेच नाही.

स्पर्शाकडून हा शब्द दोन दिशांना गेला. एक दिशा स्वभावाची आणि बुद्धीची. कुठलीही सवलत न देणारा, भावनेला जागा न ठेवणारा युक्तिवाद म्हणजे 'तर्ककर्कश' युक्तिवाद. हा समास जुन्या धाटणीच्या मराठी गद्यात आजही भेटतो. दुसरी दिशा कानाची. 'कर्णकर्कश' या शब्दाकडे नीट पाहिलं की हा प्रवास दिसतो. नुसतं कर्कश म्हटल्यावर हाताला की कानाला, असा प्रश्न पडू शकत होता, म्हणून 'कर्ण' पुढे जोडावा लागला. आता तो प्रश्न पडत नाही. आज मराठीत कर्कश म्हटलं की कानच आठवतो. खरबरीत भिंतीला कुणी कर्कश म्हणत नाही. तरीही कर्णकर्कश टिकून आहे, कारण तो जोर द्यायला उपयोगी पडतो. बोलताना जोर द्यायची आणखी एक युक्ती म्हणजे श वर दाब देऊन 'कर्कश्श' म्हणणं. नामं करायची तर कर्कशपणा, कर्कशता, आणि ग्रांथिक भाषेत कार्कश्य.

त्वचेचा शब्द कानाला लागू करणं हा केवळ कवीचा खेळ असता तर विषय इथेच संपला असता. पण कर्कश आवाजात खरोखरच खरबरीतपणा असतो. तो दाखवता येतो आणि मोजताही येतो.

कानाला लागणारा खडबडीतपणा

पेटी हाताशी असेल तर एक प्रयोग करून पाहा. आधी सा आणि प या पट्ट्या एकत्र दाबा. मग प सोडून सा आणि त्याला लागून असलेला कोमल रे एकत्र दाबा. भात्याचा जोर तोच ठेवा. आवाज वाढलेला नाही, दोन्ही सूर आपापल्या जागी बिनचूक आहेत, तरी दुसऱ्या जोडीत काहीतरी घासल्यासारखं, थरथरल्यासारखं ऐकू येतं.

का, ते आकड्यांत पाहू. सा दर सेकंदाला २४० कंपनांचा आहे असं धरू, म्हणजे २४० हर्ट्झ. शुद्ध गुणोत्तर घेतलं तर कोमल रे २५६ हर्ट्झ होतो. पण पेटीची पत्ती एकच कंपन देत नाही. मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशी उपसुरांची रांगच येते. सा बरोबर ४८०, ७२०, ९६०. कोमल रे बरोबर ५१२, ७६८, १०२४. दोन्ही रांगा शेजारी ठेवल्या की प्रत्येक जोडीत थोडंसंच अंतर पडतं: १६, ३२, ४८, ६४.

आता दोन जवळजवळची कंपनं एकत्र आली की काय होतं? कधी ती एका तालात येतात आणि एकमेकांना जोर देतात. पुढच्याच क्षणी उलटी पडतात आणि एकमेकांना खोडतात. त्यामुळे आवाज वर-खाली होत राहतो, आणि दर सेकंदाला किती वेळा होतो, तर दोघांमध्ये जितकं अंतर असेल तितक्या वेळा. अंतर दोन-तीनचं असेल तर ही लाट सरळ ऐकू येते. तंबोरा जुळवणारे कान हीच लाट ऐकत असतात; दोन तारा जवळ आल्या की लाट संथ होत जाते आणि जुळल्या की थांबते. अंतर वाढून दर सेकंदाला पंधरा-वीसच्या पुढे गेलं की लाटा वेगळ्या मोजता येत नाहीत. कान त्यांना एकत्र करून एकच गुण म्हणून नोंदवतो, आणि तो गुण म्हणजे खरखर. आणखी पुढे, साधारण ३०० च्या वर, ही खरखर विरते.

सा आणि प मध्ये असं होत नाही. प ३६० हर्ट्झ, त्याची दुप्पट ७२०. सा ची तिप्पटही ७२०. तिथे दोन्ही रांगा एकमेकींवर बरोबर बसतात आणि बाकीचे उपसूर एकमेकांपासून पुरेसे लांब राहतात. घासायला काही उरत नाही.

हे पहिल्यांदा पद्धतशीर मांडलं हेरमान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं, १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात. सेकंदाला साधारण ३३ लाटा असतील तेव्हा खरखर सर्वांत जास्त बोचते, असा त्याचा अंदाज होता. पुढे १९६५ साली प्लोम्प आणि लेवेल्ट या डच संशोधकांनी दाखवलं की हा आकडा सगळीकडे सारखा नसतो. सूर कुठल्या उंचीवर आहेत त्यावर तो ठरतो. कारण आतल्या कानाच्या रचनेत आहे. तिथे शंखासारखी वळलेली एक नळी असते, उलगडली तर जेमतेम ३५ मिलिमीटर लांब. तिच्यातल्या पडद्यावर प्रत्येक उंचीच्या सुराला आपली आपली जागा आहे. दोन सूर लांबलांबचे असतील तर पडद्याच्या वेगवेगळ्या जागा थरथरतात आणि दोन सूर स्वतंत्र ऐकू येतात. फार जवळचे असतील तर दोघंही एकाच छोट्या पट्ट्यात येऊन आदळतात आणि तिथली हालचाल सारखी वाढत-कमी होत राहते. खरखर जन्मते ती इथे, कानाच्या आत.

ध्वनिशास्त्रात या गुणाच्या एककाला 'आस्पर' म्हणतात. लॅटिनमध्ये आस्पर म्हणजे खरबरीत. १००० हर्ट्झचा, ६० डेसिबलचा एक शुद्ध सूर घ्यायचा आणि त्याची पातळी सेकंदाला ७० वेळा पूर्ण वर, पूर्ण खाली करायची. त्या आवाजाची खरखर म्हणजे एक आस्पर. कालिदासाच्या सोंडेला लागू पडलेला शब्द आणि प्रयोगशाळेतलं एकक, दोघांनीही स्पर्शाचीच भाषा निवडली, हे मला फार मोलाचं वाटतं. त्यामागे शरीराचं कारणही आहे. पॉलिश पेपरवरून बोट फिरवताना बारीक कण आपल्याला एकेक करून कळत नाहीत. त्यांच्यावरून घसरताना कातडीत जी वेगवान थरथर उठते ती कळते. बोटही भराभर होणारे चढउतारच वाचत असतं, कानासारखं. दोन्ही इंद्रियं एकमेकांची साक्षही घेतात. १९९८ साली फिनलंडमधल्या दोन संशोधकांनी लोकांना आपले तळहात एकमेकांवर चोळायला सांगितले आणि त्याचाच आवाज माईकमधून, वरची कंपनं वाढवून, त्यांच्या कानांत सोडला. हात तेच, चोळणं तेच. पण लोकांना आपली कातडी कोरडी, कागदासारखी झाल्याचं जाणवलं.

नुसती खरखर पुरत नाही

एवढ्यानं कर्कश पूर्ण होत नाही. मांजर घुरघुरतं तेव्हा त्यातही खरखर असते, आणि ते कुणाला कर्कश वाटत नाही. जुन्या तंबोऱ्याची जवारी, म्हणजे घोडीवर तार टेकते तिथून उठणारी झणझण, तर मुद्दाम झिणझिणती ठेवलेली असते. कर्कश व्हायला आणखी एक गोष्ट लागते: आवाजाची शक्ती नको तिथे गोळा व्हावी लागते. ती जागा म्हणजे साधारण २००० ते ५००० हर्ट्झ.

बाहेरच्या कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते, एका टोकाला उघडी, दुसऱ्या टोकाला पडद्यानं बंद. अशी कुठलीही नळी ठरावीक उंचीच्या सुराला दाद देते. अडीच सेंटिमीटरच्या नळीसाठी ती उंची येते ३००० हर्ट्झच्या आसपास. म्हणजे या पट्ट्यातला आवाज पडद्यावर पोचण्याआधीच आपल्याच कानात वाढतो. बोलण्यातली अनेक व्यंजनं ओळखायला हाच पट्टा उपयोगी पडतो, त्यामुळे ही सोय आपल्या फायद्याची आहे. पण खडू किंचाळतो तोही इथेच.

१९८६ साली हॅल्पर्न, ब्लेक आणि हिलनब्रँड या तिघांनी पाटीवर बागकामाचं लोखंडी अवजार ओढून हा आवाज तपासला. सगळ्यांचा समज असा की अंगावर काटा येतो तो त्यातल्या अतिउंच, शिट्टीसारख्या भागामुळे. त्यांनी तो भाग गाळून टाकला. त्रास तेवढाच राहिला. मधली कंपनं गाळली तेव्हा तो कमी झाला. माकडांच्या धोक्याच्या आरोळीशी या आवाजाचं साम्य आहे आणि म्हणून आपण दचकतो, असाही एक तर्क त्यांनी मांडला. हा तर्क लोकांना इतका आवडला की अजूनही तो सिद्ध झालेली गोष्ट म्हणून सांगितला जातो. पण २००४ साली टॅमरिन जातीच्या माकडांवर प्रयोग झाला तेव्हा त्या माकडांना खरवडण्याचा आवाज आणि साधा 'शू'सारखा आवाज यांत डावं-उजवं करावंसं वाटलं नाही. माणसांनी मात्र स्पष्ट नापसंती दाखवली. तेव्हा तर्क आकर्षक असला तरी तो जपून सांगावा.

२०१२ साली न्यूकासलच्या संशोधकांनी लोकांना ७४ आवाज ऐकवून त्यांच्या मेंदूतल्या हालचाली पाहिल्या. सर्वांत नकोसा ठरला तो बाटलीवर घासलेल्या सुरीचा आवाज. सर्वांत कमी त्रास देणाऱ्यांत वाहतं पाणी, बाळाचं हसणं आणि ढगांचा गडगडाट होते. आवाज जितका नकोसा, तितका ऐकण्याच्या केंद्राचा आणि अमिग्डाला या भागाचा संवाद वाढलेला दिसला. भीतीसारख्या भावनांशी अमिग्डालाचा जवळचा संबंध आहे.

किंकाळीत या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. २०१५ साली ल्यूक आर्नाल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मोजून दाखवलं की साध्या बोलण्यात आवाजाची पातळी सेकंदाला चार-पाच वेळा वर-खाली होते, साधारण अक्षरांच्या गतीनं. किंकाळीत मात्र ३० ते १५० च्या दरम्यानचे चढउतार भरलेले असतात. बोलण्यात हा पट्टा जवळजवळ रिकामा असतो. जणू संकटासाठी राखून ठेवलेला. धोक्याचे भोंगे आणि घंटाही त्याच पट्ट्यात सापडले. त्यामुळे रुग्णवाहिकेचा भोंगा कर्कश असतो तो काही बनवणाऱ्याच्या चुकीमुळे नव्हे. त्यानं गोड असूच नये.

कर्कशपणा तयार कुठे होतो

खडू फळ्यावर सरळ घसरत नाही. तो चिकटतो, दाब वाढला की सुटतो, पुन्हा चिकटतो, आणि हे सेकंदाला शेकडो-हजारो वेळा घडतं. गाडीचे ब्रेक, वळणावर रुळाला घासणारं आगगाडीचं चाक, बिजागरी, सगळीकडे हीच चिकट-सुटीची हालचाल. आश्चर्य असं की व्हायोलिनचा गजही तारेवर तसाच चिकटत-सुटत चालतो. फरक इतकाच की तिथे तार त्या हालचालीला नियमित ठेवते. नवशिक्याचा दाब चुकला की ती नियमितता जाते आणि त्याच व्हायोलिनमधून खडूचा आवाज निघतो. खडूला गप्प करायचं तर तो टोकाजवळ धरून तिरका करावा. थरथरायला मोकळा भाग उरत नाही.

दुसरी जागा म्हणजे ध्वनिवर्धक. त्याच्या कुवतीपेक्षा जास्त आवाज मागितला की लाटेचे गोल माथे वर छाटले जातात. सपाट छाटलेल्या लाटेला धारदार कोपरे येतात आणि त्या कोपऱ्यांबरोबर मूळ आवाजात नसलेले कितीतरी उंच उपसूर जन्माला येतात. मंडपातले लोक म्हणतात, 'स्पीकर फाटतोय'. हा शब्द अगदी बरोबर आहे. इथे आवाज थोडा कमी केला तर कर्कशपणा एकदम नाहीसा होतो, कारण माथे छाटलेच जात नाहीत.

आणि तिसरी जागा गळा. साध्या बोलण्यात स्वरतंतू एकसारख्या लयीत मिटतात-उघडतात. चिडून, ताणून ओरडताना ते घट्ट दाबले जातात, लय बिघडते, एक मिटणं लांब तर पुढचं आखूड होतं. तान्ह्या बाळाच्या टाहोतही हे होतं, म्हणून तो टाहो दुर्लक्षित करता येत नाही.

शेजारचे शब्द

आता शब्दांची हद्द आखता येते. घोगरा आवाज खालच्या पट्टीत खरखरतो. सर्दीनं बसलेला गळा घोगरा असतो, कर्कश नव्हे. चिरका आवाज पातळ आणि उंच. त्यात खरखर असेलच असं नाही. किनरा आवाज तर नुसता बारीक आणि उंच असतो, तो गोडही असू शकतो. भसाडा म्हणजे जाड, पसरट, ज्याला कडा नाहीत असा. बेसूर ही तर सर्वस्वी वेगळी तक्रार आहे: अत्यंत मुलायम गळ्याचा माणूस बेसूर गाऊ शकतो आणि कर्कश गळ्याचा माणूस अगदी सुरात. कलकलाट, गोंगाट, कोलाहल हे शब्द अनेक आवाजांच्या सरमिसळीचे. कर्कश एकट्या आवाजालाही लागू पडतो.

जुन्या शास्त्रकारांनी हा विचार बारकाईनं केला होता. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयानं तेराव्या शतकात शार्ङ्गदेवानं 'संगीतरत्नाकर' रचला. त्यात गायकाचे २५ दोष मोजले आहेत. कावळ्यासारख्या आवाजाचा गायक म्हणजे 'काकी', हा एक दोष. स्वर चुकवणारा 'अपस्वर' हा दुसरा. कर्कश आणि बेसूर यांची वेगळी नोंद त्यानं तेव्हाच केली होती.

काव्यशास्त्रात कानाला टोचणाऱ्या शब्दाला 'श्रुतिकटु' म्हणतात आणि मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'त तो दोषांत येतो. पण मम्मट तिथे थांबत नाही. रौद्र रसात हाच दोष गुण होतो, असंही तो सांगतो. ओज, म्हणजे भाषेतला जोम, हा गुण उभा करणारे वर्ण कोणते? ट, ठ, ड, ढ, श, ष, आणि र जोडलेली अक्षरं. या यादीत 'कर्कश' हा शब्द तपासून पाहावा: र जोडलेला क, मागून श. शब्द स्वतःच आपल्या अर्थाच्या वर्गात जाऊन बसतो.

यात र चं काम विशेष आहे. जीभ थरथरवून काढलेला र म्हणजे जिभेच्या टोकाचे सेकंदाला साधारण २५ ते ३० ठोके, म्हणजे खरखरीच्या पट्ट्यातच. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीनशेहून अधिक भाषांतले 'खरबरीत' आणि 'गुळगुळीत' या अर्थांचे शब्द तपासले गेले, आणि ज्या भाषांत र असा थरथरता आहे तिथे तो खरबरीतच्या बाजूला ठळकपणे जास्त आढळला. मराठीला वेगळी साक्ष काढायची गरज नाही. खरखरीत, खरबरीत, रखरखीत, राठ, भरड, रुक्ष एका बाजूला. गुळगुळीत, तुळतुळीत, लुसलुशीत, मऊ, तलम दुसऱ्या बाजूला.

ऐकणाऱ्याच्या मनाचा वाटाही असतोच. मोराची केका आवाज म्हणून ऐकली तर चांगलीच बोचरी आहे. पण ती पावसाची वर्दी देते, म्हणून परंपरेनं तिला षड्जाचा, म्हणजे सा चा, मान दिला आणि मोरोपंतांनी आपल्या आर्त प्रार्थनेला 'केकावली' नाव दिलं. २०११ च्या एका प्रयोगात फळा खरवडण्याचा आवाज काहींना 'हे आधुनिक संगीत आहे' असं सांगून ऐकवला, काहींना खरं सांगून. संगीत समजून ऐकणाऱ्यांनी त्याला कमी त्रासदायक म्हटलं. त्यांच्या त्वचेवरच्या विद्युतमापनात मात्र फरक नव्हता. अंग तितकंच दचकलं होतं.

माणसाला हा शब्द लावताना

'कर्कशा' हे नाम मराठीत फक्त स्त्रीसाठी आहे. भांडखोर, तोंडाळ बाई म्हणजे कर्कशा. पुरुषासाठी असं स्वतंत्र नाम नाही. इथे शब्द आवाजाचा राहिलेला नाही, तो वागण्यावरचा शेरा झाला आहे. सभेत बाई ठामपणे बोलली की 'तिचा सूर कर्कश होता' असं लिहिलं जातं आणि तेच बोलणाऱ्या पुरुषाचा सूर 'आक्रमक' ठरतो. ही सवय मला फार अन्यायाची वाटते. खरखर ही आवाजात असते, तिला मोजता येतं. पटलं नाही तर म्हणणं पटलं नाही असं लिहावं. त्याचं खापर गळ्यावर फोडू नये.

कायद्यात हा शब्द वेगळ्या जबाबदारीनं येतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ११९ एकापाठोपाठ निरनिराळे सूर काढणाऱ्या हॉर्नला मनाई करतो, आणि त्याचबरोबर अवाजवी कर्कश, चिरका, मोठा किंवा धास्ती बसवणारा आवाज करणाऱ्या कुठल्याही उपकरणाला. ही चार विशेषणं वेगवेगळी दिली आहेत. डेसिबल मोजणारं यंत्र त्यांतल्या 'मोठा' या एकाचंच उत्तर देतं. म्हणून हॉर्नची तक्रार लिहिताना तो नुसता मोठा आहे की कर्कश आहे हे वेगळं नोंदवणं योग्य. दोन्ही असेल तर दोन्ही.

आणि वैद्यकात तर या शब्दाची नेमकी निवड जीवाशी निगडित आहे. दम्यात श्वास सोडताना बहुतेक वेळा शिट्टीसारखा, सुईं असा आवाज येतो. तो छातीतल्या बारीक नळ्यांचा. पण श्वास आत घेताना कर्कश, ताणलेला आवाज येऊ लागला, विशेषतः लहान मुलाला, तर अडथळा वर, घशात किंवा स्वरयंत्रापाशी असू शकतो. डॉक्टर याला स्ट्रायडर म्हणतात. सूज असेल, काही अडकलं असेल. वाट पाहत बसायची ही वेळ नव्हे, मुलाला लगेच रुग्णालयात न्यावं. फोनवर सांगताना 'छातीत काहीतरी वाजतंय' एवढं पुरत नाही. श्वास घेताना की सोडताना, शिट्टीसारखा की कर्कश, या दोन गोष्टी सांगितल्या तर पलीकडच्या डॉक्टरला अडथळा कुठे असावा याचा अंदाज येतो.